वादळी पावसात टिकणारी छत्री : कापड, काडी आणि कारीगर

खापरखेड्याच्या बाजारात मृग लागण्याच्या आठ-दहा दिवस आधी दुकानांपुढे छत्र्या टांगल्या जातात. पहिले वादळ येऊन गेले की तिसऱ्या दिवसापासून त्यातल्या बऱ्याच परत येऊ लागतात. कुणाची काडी वाकलेली, कुणाचे कापड काडीच्या टोकापासून सुटलेले, तर कुणाची उलटून पुन्हा सुलट झाली आहे पण आता मिटतच नाही. गिऱ्हाईक म्हणते, "चाचा, घेऊन चार दिवस झाले नाहीत." दुकानदार म्हणतो, "वाऱ्याची गॅरंटी नसते." दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि बाजारात थोडी कटुता वाढते.

आमचा मूळ धंदा कापडाचा. छत्र्या आम्ही हंगामापुरत्या ठेवतो. वाऱ्याची गॅरंटी नसते हे उत्तर आम्हीही अनेकदा दिले आहे. एका हंगामात आम्ही एका घाऊक व्यापाऱ्याकडून तीन घड्यांच्या सहा डझन छत्र्या उचलल्या. खोक्यावर 'विंडप्रूफ' असे ठळक छापलेले होते. तेच आम्ही गिऱ्हाइकांना वाचून दाखवले. पहिल्याच वादळानंतर दोन डझनांहून अधिक छत्र्या परत आल्या. घाऊकवाल्याने हात वर केले. आम्ही काहींचे पैसे परत केले, काहींना समजावून पाठवले. समजावून पाठवलेल्यांत एक खाणीत पाळीवर जाणारा मजूर होता. तो काही बोलला नाही, मोडकी छत्री काखेत मारून निघून गेला आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधून काढणारा प्रेषितांचा (स.) प्रसंग आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकला आहे. त्या व्यापाऱ्यानेही पावसाचेच कारण सांगितले होते. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्याला विचारले गेले. आमचा ओलावा खोक्यावरच्या छापील शब्दाखाली झाकलेला होता, एवढाच फरक. तेव्हापासून आम्ही मोडलेल्या छत्र्या फेकून न देता उकलून पाहू लागलो. बाजारातल्या एका जुन्या छत्री दुरुस्त करणाऱ्याला आणि कामठीच्या एका शिंपी मित्राला सोबत घेतले. त्यातून जे कळले ते व्यापारी आणि कारीगर बांधवांसमोर ठेवत आहोत.

वारा छत्रीला काय करतो

नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा आपण उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडाशी नेहमी वाचतो : विजांच्या कडकडाटासह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता. या आकड्याचा छत्रीच्या भाषेत अर्थ काय?

आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. हवेचा दबाव हा धडा तिथे पाठ केला होता, पण त्याचा उपयोग पन्नाशीत छत्री उकलताना झाला. नियम असा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेग तिप्पट, तर जोर नऊपट. ताशी २० किलोमीटरच्या झुळकीत जी छत्री आरामात उभी राहते, तिच्यावर ६० च्या झोतात नऊपट भार येतो. 'थोडा जोराचा वारा' असे आपण म्हणतो खरे, पण त्या थोड्यात फार मोठा फरक दडलेला असतो.

दुसरी गोष्ट छत्रीच्या आकाराची. फुगीर बाजू वाऱ्याकडे असेल तर वारा तिच्यावरून घसरून जातो. पोकळ बाजू वाऱ्याकडे आली की तो आत कोंडतो, आणि त्याच वाऱ्याचा जोर जवळपास साडेतीनपट होतो. एक मीटर रुंदीची साधी छत्री धरली, तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात फुगीर बाजूवर सुमारे सव्वादोन किलोचा भार येतो आणि पोकळ बाजूवर सुमारे आठ किलोचा. वेग ६० झाला की पोकळ बाजूवरचा भार अठरा किलोच्या घरात जातो. हा भार आठ बारीक काड्या आणि एका मनगटाने पेलायचा असतो.

तिसरी गोष्ट अशी की वारा फुगीर बाजूवरून जाताना छत्रीला वर ओढतो. वादळात घरांवरची टिनपत्रे आत वारा न शिरताही उडतात, त्याचे एक कारण हेच. म्हणून छत्री उलटण्याआधी हातातून वर खेचल्यासारखी वाटते. माणूस तिला सावरायला मूठ वाकवतो, वाकवताच पोकळ बाजू वाऱ्याकडे येते आणि पुढचे सगळे एका क्षणात घडते.

इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती धंद्याहून मोठी आहे. आपल्याकडे मोटारसायकलवर मागे बसलेल्या बायका, कधी मांडीवर लेकरू घेऊन, छत्री उघडून धरतात. गाडी ताशी ४० ने चालली तर वारा नसतानाही छत्रीला ४० चा वारा लागतो. छत्री जरा कलली की तोच आठ किलोचा झटका मागे बसणाऱ्याला गाडीवरून ओढतो. अशा अपघातांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. कोणतीही छत्री, कितीही महाग असो, याला उपाय नाही. विकताना आपण हे एक वाक्य तोंडाने सांगितले तर त्याला पैसा लागत नाही.

काडीची गोष्ट

जुन्या काळी युरोपात छत्रीच्या काड्या वेताच्या किंवा देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्यांच्या असत. १८५२ मध्ये इंग्लंडात शेफिल्डजवळच्या स्टॉक्सब्रिज गावचा तारेचा कारखानदार सॅम्युएल फॉक्स याने पोलादी तारेला नालीचा आकार देऊन काडी बनवली. भरीव सळीपेक्षा हलकी आणि तिच्या वजनाच्या मानाने फार मजबूत. आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही स्वस्त छत्रीत तीच नाली आहे, फक्त पत्रा पातळ होत गेला.

या नालीत एक कमजोरी आहे. कापडाच्या ताणाच्या दिशेने ती चांगली वाकते आणि परत येते. छत्री उलटली की जोर विरुद्ध बाजूने येतो, नालीच्या कडा दबतात आणि त्या ठिकाणी घडी पडते. एकदा घडी पडलेले पोलाद पक्कडीने सरळ केले तरी तिथे ते कायमचे दुबळे राहते. आमचे दुरुस्तीवाले कारीगर म्हणूनच तिथे दुसऱ्या मोडक्या छत्रीच्या काडीचा तुकडा बसवून तारेने आवळतात. हे जुगाड दिसायला गावठी असले तरी कामाचे आहे.

सर्वात जास्त मोड कुठे होते? आम्ही उकललेल्या छत्र्यांत दोन जागा पुन्हा पुन्हा आढळल्या. पहिली, आतली आखूड काडी लांब काडीला जिथे रिबिटाने जोडलेली असते तो सांधा. दुसरी, कापड काडीच्या टोकाला जिथे दोन-चार टाक्यांनी शिवलेले असते ती जागा. १९२८ मध्ये जर्मनीच्या हान्स हाउप्टने खिशात मावणारी घडीची छत्री काढली. सोय मोठी झाली, पण प्रत्येक काडीत सांधे वाढले, आणि जितके सांधे तितक्या मोडायच्या जागा. तीन घड्यांची छत्री पिशवीत ठेवायला चांगली, ऑफिसच्या पायरीपासून बसपर्यंत जायला चांगली. मोकळ्या रानातून पायी पाळीवर जाणाऱ्याला ती देऊ नये, असे आमचे आता मत झाले आहे.

फायबरच्या, म्हणजे काचतंतूच्या काडीने यातला बराच प्रश्न सोडवला आहे. आपल्याकडच्या पतंगवाल्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पतंगाची आडवी कमान ताठ ठेवली तर पतंग झोतात फाटतो. म्हणून कारीगर बांबू दोन्ही टोकांकडे तासून पातळ करतो, म्हणजे झोत आला की टोके वाकतात, वारा निसटतो आणि कमान परत येते. फायबरची काडी तेच करते. छत्री उलटली तरी काडीला घडी पडत नाही. खटका दाबून मिटली की पुन्हा नीट उघडते. दोष असा की फायबर वाकत वाकत मर्यादेपलीकडे गेले तर सरळ चिरते, आणि धातूच्या चिमट्यात जिथे ते घट्ट पकडलेले असते तिथेच चिरते. त्याला पक्कड चालत नाही, काडीच बदलावी लागते. दुरुस्तीवाल्याकडे सुट्या काड्या असल्या तर काम पाच मिनिटांचे. नसल्या तर छत्री भंगारात.

कापडाकडे कुणी पाहत नाही

छत्रीवर बोलणारे सगळे काडीवर बोलतात. आम्ही कापडवाले असल्याने आमची नजर कापडावर गेली, आणि आमचा अनुभव असा की काडी मोडते त्याचे निम्मे कारण कापडात असते. सैल कापड वाऱ्यात फडफडते. फडफडण्याचा प्रत्येक झटका काडीच्या टोकाला बसतो. घट्ट, एकसारखे ताणलेले कापड फडफडत नाही, वारा त्यावरून सरकतो.

मग नवीन छत्रीचे घट्ट कापड पावसात सैल का होते? उत्तर सुतात आहे. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो, नायलॉन चार टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नायलॉन भिजले की थोडे लांबते. म्हणजे ज्या वेळी कापड ताठ हवे नेमके त्याच वेळी नायलॉनची छत्री ढिली पडते. सुती कापड उलट वागते : भिजले की सूत फुगते, विणीची छिद्रे बुजतात आणि कापड आवळते. आपल्या वाडवडिलांची लाकडी दांड्याची काळी सुती छत्री पावसात अधिकच ताठ होई, त्याचे कारण हेच. पण ती जड असे, उशिरा सुके आणि ओली मिटून ठेवली की कुजे. पॉलिस्टर भिजूनही जवळपास तेवढेच राहते. तेव्हा वादळी छत्रीसाठी आजच्या बाजारात पॉलिस्टर पाँजी हेच कापड योग्य. व्यापाऱ्यांनी माल घेताना 'टाफेटा आहे' एवढ्यावर थांबू नये. टाफेटा हा विणीचा प्रकार आहे, तो नायलॉनमध्येही येतो आणि पॉलिस्टरमध्येही. १९० टी म्हणजे एका चौरस इंचात ताणा आणि बाणा मिळून १९० सूत. हा आकडा विणीचा दाटपणा सांगतो, सुताची जात सांगत नाही.

आता बेतण्याची गोष्ट, कारण खरी चोरी इथे होते. छत्रीच्या आठ कळ्या असतात. कळीचा मधला अक्ष ताण्याच्या सरळ रेषेत असला पाहिजे. तसा असेल तर कळीच्या दोन्ही तिरप्या बाजू ताण्यापासून सारख्याच, बावीस-तेवीस अंशांनी कलतात आणि दोन्हीकडे कापड सारखेच ताणते. कळी जरा तिरकी ठेवून बेतली तर एक बाजू सरळ सुतात येते आणि दुसरी उरेब. उरेब कापड ओढले की वाढते, हे कोणताही शिंपी सांगेल. अशा छत्रीत एक कळी ताठ आणि तिच्या शेजारची पोट सुटल्यासारखी दिसते. वारा ते पोट बरोबर शोधून काढतो.

तिरकी का बेततात? पन्ह्यासाठी. २५ इंची काडीच्या छत्रीला कळीचा पाया सुमारे १९ इंच लागतो. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात उलट-सुलट ठेवून एका ओळीत चार कळ्या नीट बसतात, म्हणजे दोन ओळींत, सव्वा मीटर कापडात, एक छत्री होते. पाचवी कळी अगदी थोडक्यासाठी बसत नाही. ती बसवायच्या मोहाने कळी कलवली जाते किंवा प्रत्येकीतून अर्धा इंच काढला जातो. हजारो छत्र्यांच्या कारखान्यात त्या अर्ध्या इंचाचा मोठा पैसा होतो. गिऱ्हाइकाच्या हातात मात्र दमलेली छत्री पडते. कामठी किंवा मोमीनपुऱ्याच्या विणकर घरातल्या माणसाला ताणा-बाणा शिकवावा लागत नाही. त्याने दुकानात छत्री उघडून उजेडाकडे धरली तर ही चोरी त्याला एका नजरेत दिसेल.

आमच्या गावापुरती आणखी एक अडचण. इथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि त्याची बारीक राख हवेत असते. ती काड्यांच्या सांध्यांत आणि सरकत्या नळीत बसते, ओली झाली की घट्ट होते. मग छत्री जोर लावून उघडावी लागते आणि रिबीट ढिले होतात. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा स्वच्छ पाण्याने सांधे धुऊन, सुकवून मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. ही सूचना आम्ही आता प्रत्येक छत्रीबरोबर देतो.

इतरांनी काय केले

वाऱ्याचा विचार करून छत्री नव्याने बेतण्याचे काम गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच झाले. हॉलंडमधल्या डेल्फ्ट येथील गेर्विन होगेंडॉर्न या विद्यार्थ्याने आपल्या छत्र्या वारंवार मोडतात म्हणून नवा आकार काढला आणि २००६ मध्ये दोन सोबत्यांसह 'सेन्झ' नावाने ती बाजारात आणली. तिचा दांडा मधोमध नाही, पुढच्या बाजूला आहे. मागचा भाग लांब, पुढचा आखूड. वारा आला की वातकुक्कुटासारखी ती स्वतःच योग्य दिशेला वळते आणि फुगीर बाजू वाऱ्यापुढे ठेवते. ताशी १०० किलोमीटर वाऱ्यात टिकते असा कंपनीचा दावा आहे. न्यूझीलंडच्या ग्रेग ब्रेब्नरने वेगळा मार्ग धरला. त्याच्या 'ब्लंट' छत्रीत काड्यांची टोके कापडाच्या खिशांत बसतात आणि कडेपर्यंत कापड ताणून धरतात. टोके बोथट असल्याने गर्दीत कुणाच्या डोळ्यात जात नाहीत. दोन-चार टाक्यांवर लटकलेली ती कमजोर जागाच त्याने काढून टाकली. तिसरा मार्ग दुहेरी कापडाचा : वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, मध्ये वारा निसटायला वाट.

या छत्र्यांची किंमत आपल्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यातली नाही. त्यांची युक्ती घ्यायला मात्र हरकत नाही.

हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी मदीना मुनव्वरा येथे मस्जिदे नबवीच्या छत्र्या पाहिल्या आहेत. त्या महमूद बोडो राश या इस्लाम स्वीकारलेल्या जर्मन वास्तुतज्ज्ञाने आखल्या. मस्जिदीच्या आतल्या दोन अंगणांत १९९२ मध्ये बारा बसल्या. बाहेरच्या पटांगणातल्या अडीचशे छत्र्यांचे काम पुढे २०१०-११ च्या सुमारास झाले. बाहेरची एकेक छत्री सुमारे साडेपंचवीस मीटर लांब-रुंद आहे. त्यांचा आकार आपल्या छत्रीच्या उलटा, नरसाळ्यासारखा आहे, त्यामुळे पाणी मधल्या खांबातून खाली उतरते. आम्ही तिथे उभे राहून कापडच पाहत होतो, हे कबूल करतो. घडी पडून पडून न चिरणारे ते कापड खास तंतूचे विणलेले आहे. इतका पैसा आणि इतके ज्ञान लावूनही वारा मर्यादेपलीकडे गेला की त्या छत्र्या मिटून घेतात.

आपल्या देशात केरळच्या अलेप्पीत १९५४ मध्ये 'सेंट जॉर्ज' नावाने सुरू झालेल्या घराण्याने छत्रीचा धंदा मोठा केला. १९९५ मध्ये त्यातून 'पॉपी' आणि 'जॉन्स' हे दोन मार्के निघाले. मुंबईत 'स्टॅग' मार्क्याची इब्राहिम करीम अँड सन्स ही पेढी १८६० पासूनची, आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवर आजही छत्रीचा घाऊक बाजार भरतो. म्हणजे हा धंदा आपल्याला परका नाही. सुटे भाग आणि तयार माल मात्र फार मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो. तिथे सोंगशिया नावाचे गावच्या गाव छत्रीवर जगते. २०२२ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छत्रीवरील आयात शुल्क वाढवून २० टक्के केले आणि सुट्या भागांवरची सवलत काढून घेतली. येथे जुळणी करणाऱ्याला तयार परदेशी मालापुढे थोडा आडोसा मिळाला, पण त्याच्या काड्याही महाग झाल्या.

आमचा प्रयोग

आम्ही तिघांनी मिळून बारा छत्र्या केल्या. सरळ दांड्याच्या, २५ इंची, आठ फायबर काड्यांच्या. सांगाडे विकत घेतले, कापड आमचे. कळ्या चार-चारच बेतल्या. वरच्या भागात झरोका ठेवला : दांड्यापासून दहा इंचांपर्यंत वरचे कापड, आणि त्याच्या खालून सुरू होणारे खालचे कापड.

पहिल्या चार छत्र्या फसल्या. आम्ही वरचे कापड खालच्यावर फक्त दीड इंच चढवले होते. तिरपा पाऊस आला की पाणी झरोक्यातून सरळ मानेवर. शिंपी मित्र आम्हाला म्हणाला, "शेठ, कवेलू दीड इंच चढवून घर शाकारतात का?" पुढच्या छत्र्यांना खालचे कापड सात इंचांवर सुरू केले, म्हणजे तीन इंच चढ मिळाला. वरच्या तुकड्याची कड फक्त काड्यांवर टाकली, मधे मोकळी सोडली आणि दोन काड्यांच्या मध्ये खालच्या कापडाला एक लहान इलॅस्टिकची पट्टी जोडली. वारा आतून दाबला की कड उचलते, वारा निघून जातो आणि पट्टी तिला पुन्हा खाली बसवते. पावसाच्या बाजूने ती कवेलूसारखी झाकलेली राहते.

काडीच्या टोकाला नुसते टाके न घालता त्याच कापडाची दुहेरी टोपी शिवली आणि टोक तिच्यात बसवले. धागा सुती न घेता पॉलिस्टरचा घेतला. सुती धागा ओलाव्याने कुजतो, कापड चांगले राहते आणि शिवण उसवते, हे आम्ही जुन्या छत्र्यांत वारंवार पाहिले होते.

तपासायचे कसे? वादळाची वाट पाहत बसण्यापेक्षा आम्ही मोकळ्या रस्त्यावर पहाटे टेम्पो चालवला. मागच्या हौद्यात दांड्याला स्प्रिंगकाटा बांधून, छत्रीची पोकळ बाजू पुढे करून धरली. साध्या छत्रीचा काटा ४० च्या वेगाला हिशेबाच्या आसपास गेला आणि वेग वाढवताच ती उलटली. झरोक्याच्या छत्रीचा काटा स्पष्टपणे कमी होता. तीही शेवटी उलटली, पण अधिक वेगाला, आणि मिटून उघडताच पूर्ववत झाली. हे सांगण्याचे कारण असे की 'उलटणारच नाही' असा शब्द आम्ही देत नाही. उलटून पुन्हा उभी राहणारी छत्री बनवता येते, एवढेच म्हणतो. खापरखेड्यासारख्या गावात तेवढे पुरेसे आहे.

पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या आठ छत्र्या आम्ही रोज पायी जाणाऱ्यांना वापरायला दिल्या. हंगामाअखेर दोन परत आल्या : एकीची काडी चिमट्यापाशी चिरलेली, दुसरीची मूठ निघालेली. दोन्ही बाजारातल्या कारीगराने उभ्या उभ्या दुरुस्त केल्या.

धंद्याचा हिशेब

झरोक्याच्या छत्रीला साध्यापेक्षा थोडे अधिक कापड लागते आणि शिलाईचा वेळ जवळपास दुप्पट. तयार स्वस्त छत्रीशी ती किमतीत बरोबरी करू शकत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तिचे गिऱ्हाईक वेगळे आहे. एका पावसाळ्यात दोन मोडक्या छत्र्या फेकणारा माणूस मनातल्या मनात हिशेब करतोच. त्याला मजबूत आणि दुरुस्त होणारी एक छत्री दाखवणारा कुणी भेटत नाही, एवढीच अडचण. हे काम मोठ्या कारखान्याचे नाही. ज्या शिंप्याकडे शाळेच्या गणवेशाची घाई सरल्यावर हात रिकामे असतात, ज्या घरात एखादी बहीण मशीनवर बसते, तिथे ते होऊ शकते.

यात दुरुस्तीवाल्याची जागा आम्हाला सर्वात महत्त्वाची वाटते. आमच्या बाजारात पूर्वी पावसाळ्यात चार-पाच जण जमिनीवर पोते टाकून बसत. आता एकच उरला आहे आणि त्याच्या मुलांनी दुसरे काम धरले आहे. छत्री विकताना सोबत दोन सुट्या काड्या आणि चार टोप्या दिल्या तर गिऱ्हाईक त्याच्याकडेच जाते. आमचा हा अनुभव ताजा आहे.

लेबलावर काय छापावे, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी 'विंडप्रूफ' हा शब्द आम्ही काढून टाकला. त्याजागी मराठी आणि उर्दूत चार ओळी छापल्या : काड्या फायबरच्या, कापड पॉलिस्टरचे. वाऱ्यात उलटल्यास जोराने ओढू नये, खटका दाबून मिटावी. गाडीवर उघडू नये. विजा चमकत असताना छत्री घेऊन शेतात, मैदानात किंवा झाडाखाली थांबू नये, पक्क्या घराचा आसरा घ्यावा. एका दुकानदार मित्राने हे वाचून विचारले की यात छत्रीची तारीफ कुठे आहे. त्यालाही सहा छत्र्या दिल्या, त्याने त्या विकल्या.

खाणीवरच्या त्या मजुराचा पत्ता आम्ही एका शेजाऱ्याकडून काढला आणि त्याला छत्री पाठवली. त्याने ती ठेवून घेतली, निरोप काही आला नाही.

कळीचा आणि झरोक्याचा कागदी खाका आमच्या खापरखेड्याच्या दुकानात भिंतीवर लावलेला आहे. ज्या कारीगर बांधवांना तो उतरवून घ्यायचा असेल त्यांनी जुम्मा सोडून कोणत्याही दिवशी यावे. शक्यतो रोहिणी लागण्याआधी यावे, कारण त्यानंतर आम्हाला गणवेशाच्या कापडातून मान वर करायला वेळ नसतो. येताना स्वतःची एक मोडकी छत्री आणावी, ती उकलूनच बोलणे सोपे जाते.